एक ऑगस्टची सारसबाग आणि अण्णाभाऊंचे वारसदार

पुण्यातल्या पुढाऱ्यांना 1 ऑगस्टच्या सकाळी किमान दोन हार लागतात. एक लोकमान्य टिळकांसाठी, दुसरा सारसबागेजवळच्या अण्णाभाऊ साठेंच्या पुतळ्यासाठी. 1 ऑगस्ट 1920 ला मुंबईत सरदारगृहात टिळक गेले आणि त्याच दिवशी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यात तुकाराम भाऊराव साठे जन्मले. योगायोग एवढाच. पण पुण्यात त्याचं वेळापत्रक होऊन बसलंय. टिळकांना अभिवादन लवकर आटोपतं, फोटो निघतात, गाड्या सारसबागेकडे वळतात. तिथं मात्र लवकर काही आटोपत नाही. पोलीस रस्त्याची वाहतूक वळवतात, महापालिकेचा मांडव पडतो आणि गंज पेठ, लोहियानगर, काशेवाडी, गुलटेकडी, येरवडा अशा वस्त्यांतून माणसं रात्रीपर्यंत येत राहतात. हलगी असते, डीजे असतो, पुस्तकांचे स्टॉल असतात. झेंडे मातंग संघटनांचे पिवळे, आंबेडकरी गटांचे निळे, हिंदुत्ववाद्यांचे भगवे आणि शोधले तर डाव्यांचे लालही.

झेंड्यांच्या या गर्दीचाच हा प्रकरण अभ्यास आहे. कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता असलेला, लाल बावट्याखाली डफावर थाप मारणारा एक शाहीर 1969 साली हलाखीत मरतो आणि अर्ध्या शतकानंतर एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष, संघटना आणि चळवळी एकाच मांडवात त्याला ‘आमचा’ म्हणतात. हे कसं घडलं? ‘मेल्या म्हशीला मणभर दूध’ म्हणून विषय मिटवता येतो, पण त्यानं काहीच कळत नाही. अण्णाभाऊ खरे कोणाचे, या वादातही मला रस नाही. प्रत्येक दावेदाराला अण्णाभाऊंमधलं काय वगळावं लागलं, हे पाहिलं की बरंच काही उघडं पडतं.

माणूस, थोडक्यात

शाळा दीड दिवसाची. दुष्काळ आणि गरिबीमुळे बाप घरदार घेऊन पायी मुंबईला निघाला. तिथं गिरणी, माटुंग्याचा लेबर कॅम्प, पुढं घाटकोपरचं चिरागनगर. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक. स्टालिनग्राडचा पोवाडा, बंगालच्या दुष्काळावरचा पोवाडा, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मैना गावावर राहिली’. काँग्रेस सरकारनं कलापथकावर बंदी घातली, तर तमाशाला लोकनाट्याचा अंगरखा चढवून तोच मजकूर पुन्हा उभा केला. 1958 मध्ये मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन. 1959 मध्ये ‘फकिरा’, 1961 मध्ये रशियाचा प्रवास. तीसहून जास्त कादंबऱ्या, शिवाय कथासंग्रह आणि वगनाट्यं. 18 जुलै 1969 ला गोरेगावात मृत्यू. वय पन्नासही नव्हतं.

म्हणजे वाटणी करायला माल भरपूर आहे आणि तो एका रंगाचा नाही. दावेदारांची सोय तिथूनच सुरू होते.

एका गाण्याची वाटणी

‘जग बदल घालुनी घाव, सांगून गेले मज भीमराव’ हे गाणं सारसबागेत दिवसभर वाजतं. कोणत्या मांडवात त्याचं कोणतं कडवं जोरात म्हटलं जातं, एवढं ऐकलं तरी अर्धा अभ्यास होतो.

निळ्या झेंड्याखाली ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं. साहजिक आहे. कम्युनिस्ट शाहिरानं बाबासाहेबांचं नाव घेऊन जग बदलायची भाषा करणं ही तेव्हा किरकोळ गोष्ट नव्हती. 1952 च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेब नारायणराव काजरोळकरांकडून हरले, तेव्हा कम्युनिस्टांनी मतं कुजवायला सांगितली म्हणून बाबासाहेबांनी कम्युनिस्ट नेते डांग्यांविरुद्ध दाद मागितली होती. त्या कडवटपणानंतर लाल बावट्याच्या शाहिरानं लिहिलेली ही ओळ आहे. ‘फकिरा’चीही अर्पणपत्रिका बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला आहे. आंबेडकरी चळवळीचा दावा या दोन खांबांवर उभा आहे आणि ते खांब पक्के आहेत. फक्त हे लिहिणाऱ्याच्या खिशात दुसऱ्या पक्षाचं कार्ड होतं, याबद्दल भाषणांत सहसा कोणी बोलत नाही.

डाव्यांच्या कार्यक्रमांत भर असतो ‘धनवंतांनी अखंड पिळले, धर्मांधांनी तसेच छळले’ या ओळींवर. तिथं शोषक कोण ते साफ सांगितलंय, त्यामुळे डाव्यांना फार काही वगळावं लागत नाही. पुण्यात 2002 च्या गुजरात दंगलीनंतर उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचासारख्या गटांनी ही शाहिरी पुन्हा रस्त्यावर आणली. 31 डिसेंबर 2017 च्या शनिवारवाड्यावरच्या एल्गार परिषदेनंतर त्यांच्या कलाकारांवर अटकेची वेळ आली. डफ आजही धोक्याचा ठरू शकतो, याचा ताजा दाखला पुण्यानेच दिला. पण डाव्यांची अडचण गाळण्याची नाही, विसरण्याची आहे. अण्णाभाऊ मांगवाड्यातून आले आणि त्यांच्या कथांमधली भूक जात पुसून समजत नाही, हे पक्षाला फार उशिरा उमगलं. शाहीर म्हणून मिरवला, विचारवंत म्हणून कधी मोजला नाही.

भगव्या मांडवात हे गाणं मी पूर्ण ऐकलेलं नाही. तिथं ‘धर्मांधांनी’ या शब्दाशी गाडी अडते. मग दुसरा पुरावा पुढं येतो. अण्णाभाऊंनी तमाशातला गण, म्हणजे सुरुवातीचं वंदन, बदलला आणि त्यात मायभू आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या चरणांना वंदन घातलं. ‘पाहा, मातृभूमी आणि शिवराय!’ असं वक्ता सांगतो. खरंच आहे. पण त्या जागी आधी गणपती होता आणि त्याला अण्णाभाऊंनी रजा दिली, हेही तितकंच खरं आहे. डावा वक्ता हा दुसरा भाग सांगतो आणि शिवराय हळूच खिशात घालतो. एकाच बदलाचे दोन अर्धे दोघांनी वाटून घेतलेत.

शेवटचं कडवं तर सगळ्यांनाच हवंय. त्यात एकजुटीचा रथ आहे आणि ‘नव महाराष्ट्रा’ची हाक आहे. गाण्यावर काळाचा शिक्का इथं स्पष्ट दिसतो: बाबासाहेब जाऊन फार दिवस झाले नव्हते आणि संयुक्त महाराष्ट्र अजून व्हायचा होता. आज राज्यातल्या कोणत्याही पक्षाला हे कडवं चालतं. मराठी अस्मितेवाल्यांना तर ‘मैना’च पुरते. मात्र ती बहुतेक वेळा विरहाची छक्कड म्हणून गायली जाते. महाराष्ट्राबाहेर राहिलेले बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव येतात तिथं गायक आटोपतं घेतो, नाहीतर ढोलकीच आवाज खाऊन टाकते.

‘फकिरा’: जोगणी, धान्य आणि हजेरी

पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात ‘फकिरा’ विचारावी लागत नाही, समोरच असते. वि. स. खांडेकरांची प्रस्तावना, 1961 चा राज्य पुरस्कार, पुढं सिनेमा. या एका कादंबरीवर सगळ्या दाव्यांची गाठ पडते, म्हणून इथं जरा थांबतो.

कथा वाटेगावचीच. जोगणीसाठी, म्हणजे गावाला जत्रेचा मान मिळवून देणाऱ्या देवीच्या खुणेसाठी, राणोजी मांग जिवावर उदार होतो आणि मारला जातो. त्याचा मुलगा फकिरा दुष्काळात लोक मरताना पाहतो, धान्य लुटून वाटतो, इंग्रजांचा खजिना लुटतो आणि शेवटी आपल्या माणसांना कोंडून धरल्यावर स्वतःहून सरकारच्या ताब्यात जातो. मधे मांगांवर लादलेली रोजची हजेरी आहे. जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा गावातल्या बाप्या माणसांना दिवसातून पुन्हा पुन्हा चावडीवर उभा करतो, ही पानं वाचून विसरता येत नाहीत.

राष्ट्रवादी वाचन सोपं आहे: इंग्रजांविरुद्ध लढलेला क्रांतिकारक. संघविचाराच्या ‘समरसते’चं वाचन त्याला पूरक आहे. त्यात विष्णुपंत कुलकर्णी मदतीला येतात. दुष्काळात मांगांच्या बाजूनं उभा राहणारा हा ब्राह्मण कादंबरीत खरोखर आहे, कोणी नंतर घुसडलेला नाही. समरसता मंचाची स्थापना पुण्यातच 14 एप्रिल 1983 ला झाली. त्या वर्षी आंबेडकर जयंती आणि गुढीपाडवा एकाच दिवशी आले होते आणि तो योग साधला गेला. त्या विचाराला विष्णुपंत फार मोलाचे आहेत. गाव एक होतं, भलेपणा दोन्हीकडं होता, परकीय सत्तेनं घात केला, असा सारांश निघतो. या सारांशात मांगवाडा गावाबाहेर का, हा प्रश्न बसत नाही.

डावे भूक आणि धान्याची लूट उचलतात. मातंग संघटना फकिराची तलवार आणि त्याचं कूळ उचलतात. यातलं एकही वाचन कादंबरीच्या बाहेरचं नाही, ही अण्णाभाऊंची ताकद आणि हीच पंचाईत. माझं मत विचाराल तर कादंबरीचा कणा भूक हाच आहे. इंग्रज वगळून ‘फकिरा’ची गोष्ट कशीबशी सांगता येईल, भूक वगळून एक प्रकरणही उभं राहणार नाही. सारसबागेतल्या भाषणांत मात्र इंग्रज भरपूर येतात आणि भूक फारशी येत नाही.

1 ऑगस्ट 2023

दाव्यांची चढाओढ सर्वात उघडी दिसली ती या दिवशी. टिळक स्मारक ट्रस्टचा लोकमान्य टिळक पुरस्कार घ्यायला पंतप्रधान नरेंद्र मोदी पुण्यात आले होते. टिळक रस्त्यावरच्या एस. पी. कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम, मंचावर शरद पवारही. इंडिया आघाडी नुकतीच झालेली, त्यामुळे पवार मंचावर का, यावरच वर्तमानपत्रांची शाई गेली. त्या गदारोळात एक गोष्ट मागं पडली. मोदींनी टिळकांच्या पुण्यतिथीबरोबर अण्णाभाऊंच्या जयंतीचाही उल्लेख केला आणि समाजसुधारणेतलं त्यांचं योगदान असाधारण असल्याचं सांगितलं. पुतळा तिथून चालत जाण्याइतका जवळ. मांडवात ती बातमी लगेच पोचली.

त्याच दिवशी तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव वाटेगावात होते. भारत राष्ट्र समितीला महाराष्ट्रात पाय रोवायचे होते आणि त्यांनी अण्णाभाऊंना भारतरत्न देण्याची मागणी केली. परक्या राज्यातल्या पक्षालाही महाराष्ट्राचा दरवाजा उघडायला वाटेगावची किल्ली घ्यावीशी वाटली! पुढं ती समिती महाराष्ट्रातून नाहीशी झाली, मागणी राहिली.

‘समाजसुधारक’ अण्णाभाऊ ही मला या प्रकरणातली सर्वात चलाख मांडणी वाटते. तिच्यात खोटं काही नाही. पण समाजसुधारकाला पक्ष नसतो, त्याचं कोणाशी वैर नसतं, तो सगळ्यांचा असतो. आदल्याच वर्षी, सप्टेंबर 2022 मध्ये, मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंच्या पुतळ्याचं अनावरण देवेंद्र फडणवीसांच्या हस्ते झालं. स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिणाऱ्याचा पुतळा मॉस्कोत भाजपच्या नेत्यानं उघडावा, यात अनेकांना विसंगती दिसली. मला त्यात उत्तम राजकारण दिसलं. डावे इतकी वर्षं ‘आमचे कॉम्रेड’ म्हणत होते. रशियात पुतळा उभा करण्याइतकी पोच त्यांच्याकडं नव्हती, ज्यांच्याकडं होती त्यांनी तो उभा केला. काँग्रेसनं तर याच्या कितीतरी आधी, 1985 मध्ये, त्यांच्या नावानं विकास महामंडळ काढलं होतं. ज्या पक्षाच्या सरकारनं कलापथकावर बंदी घातली, त्याच पक्षाच्या सरकारनं हे केलं. त्या महामंडळातला घोटाळा 2015 मध्ये उघडकीला आला आणि तिथल्या माजी अध्यक्षाला अटक झाली, तेव्हा महामंडळाच्या नावातल्या माणसाबद्दल कोणत्याही पक्षाला फारसा कळवळा आल्याचं आठवत नाही.

वर्गणी कोणी काढली

आता या प्रकरणातला तो भाग, जो पक्षांच्या यादीत हरवतो.

अण्णाभाऊ गेले तेव्हा त्यांच्यासाठी भांडायला कोणी नव्हतं. त्यांच्या कादंबऱ्या समीक्षकांच्या चर्चेत फारशा नव्हत्या. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं त्यांचं निवडक वाङ्मय काढलं ते 1998 मध्ये, टपाल तिकीट आलं 2002 मध्ये. मधल्या काळात त्यांचं नाव जिवंत ठेवलं ते मातंग वस्त्यांनी. समाजमंदिरातला फोटो, गल्लीतली जयंती, घराघरातून गोळा केलेली वर्गणी, बँडवाल्यांच्या पथकांनी फुकट वाजवलेली मिरवणूक. महाराष्ट्रात अनुसूचित जातींमध्ये महारांनंतर मातंगांची संख्या मोठी. त्यांना दैवत हवं होतं आणि ते त्यांच्यातलंच हवं होतं.

पुण्यात याला लहुजी वस्ताद या मातंग समाजातल्या तालीमगुरूंची जोड आहे. गंज पेठेतली तालीम, संगमवाडीची समाधी. फुल्यांच्या शाळेमागं उभे राहिलेले लहुजी एका बाजूला, वासुदेव बळवंत फडक्यांना दांडपट्टा शिकवणारे लहुजी दुसऱ्या बाजूला. लहुजींच्या वाट्याला जी ओढाताण आली तीच अण्णाभाऊंच्या. त्याच समाजातल्या मुक्ता साळवेनं, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीनं, 1855 मध्ये ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. आम्हाला धर्म कोणता, असा सवाल तिनं देवालाच केला. तिच्या नावाची ओढाताण तुलनेनं कमी आहे. तो निबंध कोणत्याच मांडवात सोयीचा नाही, असा माझा संशय आहे.

सारसबागेतला एखादा फ्लेक्स जवळून बघा. वर मध्यभागी अण्णाभाऊ, दोन बाजूंना लहुजी आणि बाबासाहेब, वर छोट्या गोलांत शिवराय, फुले, सावित्रीबाई, शाहू. खाली इच्छुक नगरसेवक, अण्णाभाऊंपेक्षा किंचित मोठे. ‘साहित्यरत्न’ हमखास, ‘लोकशाहीर’ बहुतेक वेळा, ‘कॉम्रेड’ जवळजवळ कधीच नाही. बाबासाहेब डावीकडे की उजवीकडे की नाहीतच, यावरून मंडळ कोणत्या गटाचं ते वस्तीतली पोरंसुद्धा सांगतात. खाली 1958 च्या दलित साहित्य संमेलनातलं त्यांचं वाक्य असतं. कुठं पृथ्वी ‘दलितांच्या तळहातावर’ तरलेली असते, कुठं ‘दलित, कामगार, कष्टकऱ्यांच्या’. छापणाऱ्याच्या फायलीत दोन्ही तयार असतात.

पक्ष इथं येतात ते या माणसांसाठी. अण्णाभाऊंची कविता कोणाला पाठ आहे, हा प्रश्नच नाही. ती ज्यांना पाठ आहे त्यांची मतं हवी आहेत. हे बोलून दाखवलं की कार्यकर्ते चिडतात. मला त्यात चिडण्यासारखं काही दिसत नाही. आपल्याकडं मोजायला माणसं आहेत हे कळल्यावर समाजानंही भाव केला: पुतळे, सभागृहं, महामंडळ आणि अनुसूचित जातींसाठीच्या बार्टी या संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या धर्तीवर 2024 मध्ये अण्णाभाऊंच्या नावाची आर्टी. अण्णाभाऊ पळवले गेले, असं म्हणणारे डावे मित्र ही दुसरी बाजू पाहत नाहीत. पळवणाऱ्यांकडून वस्तीनं काही ना काही वसूल केलंय.

निकाल आला तो दिवस

1 ऑगस्ट 2024. सकाळी सारसबागेत नेहमीची गर्दी असताना सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सहा विरुद्ध एक असा निकाल दिला, की राज्यांना अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण करता येईल. 2004 चा उलटा निकाल रद्द झाला. आरक्षणाचे ‘अबकड’ गट पाडा, ही मातंग संघटनांची वर्षानुवर्षांची मागणी होती. निकाल नेमका जयंतीला यावा! बातमी फोनवर आली तशी मांडवात हलगीचा जोर वाढला आणि पेढे निघाले.

निळ्या झेंड्याखाली तेवढा जल्लोष नव्हता. दलितांची एकजूट फोडण्याचा डाव, अशी आंबेडकरी गटांतल्या अनेकांची भूमिका आधीपासून होती. ‘जय भीम, जय लहुजी’ एका दमात म्हणणारे दोन गट त्या दुपारी वेगवेगळ्या कोंडाळ्यांत उभे होते. दोघांकडेही अण्णाभाऊ होते. वर्गीकरणाच्या बाजूचे ‘फकिरा’ सांगत होते: आमच्या वाट्याचं धान्य कोणी खाल्लं? विरोधातले एकजुटीच्या रथाचं कडवं म्हणत होते. इतकी वर्षं पक्षांनी केलेली वाटणी आता वस्तीच्या आत आली होती आणि तिला पहिल्यांदाच नोकरीचा, कॉलेजातल्या जागेचा भाव होता.

या भांडणात भगव्या मांडवाला काही बोलावंच लागलं नाही. डाव्यांना काय बोलावं ते सुचलं नाही: जातीच्या आतली विषमता मोजायला वर्गाची फुटपट्टी चालते, पण ती त्यांनी कधी तिथं लावलीच नव्हती. राज्य सरकारनं त्याच वर्षी उपवर्गीकरणासाठी समिती नेमली. तिच्यापुढं गाणी चालत नाहीत. कोणत्या जातीतल्या किती मुलांना इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, किती जण वर्ग एकच्या नोकरीत गेले, झाडूकामाच्या हजेरीपटावर कोणाची नावं आहेत, हे लागतं. सारसबागेत येणाऱ्या काही तरुणांनी ते आकडे माहितीच्या अधिकारात मागायला सुरुवात केली आहे. त्यांच्यातले काही जण पिवळ्या झेंड्याखालचे आहेत, काही निळ्या.